युगांडात वर्षभर व्हॉलंटियर म्हणून जातेय : मुंबईतून काय न्यावं, तिथे काय घ्यावं?

चिंचपोकळीची फिजिओ

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट, राहणार चिंचपोकळी. पुढच्या महिन्यात एका संस्थेतर्फे वर्षभरासाठी युगांडाला चाललेय, पूर्वेकडच्या म्बाले शहराजवळच्या एका हॉस्पिटलात. पगार नाही. राहायला खोली आणि महिन्याचा भत्ता. भत्ता असा की जेवणखाण आणि थोडंफार वरखर्चाचं भागेल, उधळपट्टी जमणार नाही.

कामाची भीती वाटत नाही. मला धास्ती आहे ती खोलीची. ड्यूटी संपली, पावणेसातला अंधार पडला, लाइट गेली, की मी त्या खोलीत काय करणार? चाळीत वाढलेली मी, दार बंद करून एकटी बसायची सवयच नाही. म्हणून वाटतं की आपल्या चार गोष्टी हाताशी असाव्यात. आता त्या चार कुठल्या, इथेच घोळ आहे. आईने यादी केलीय त्यात तूरडाळ पाच किलो, पोहे, गोडा मसाला, मालवणी मसाला, लोणचं, पोळपाट-लाटणं, कुकर, सुकं खोबरं आणि चक्क किसणी आहे. बाबा म्हणतात तिथे सगळं मिळतं, दोन जोडी कपडे घे आणि जा. तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा आहेत.

अजून एक. तिथे जाऊन आलेल्या एकीने मला सांगितलं की आपण दुकानातून काय घेतो ते सगळे बघत असतात, संकोच वाटतो. हे कसं सांभाळायचं तेही कोणी सांगेल का?

लोहार चाळीतला

ताई, खाण्यापिण्याचं बाकीचे सांगतील. विजेचं मी सांगतो, आमचा धंदाच तो.

युगांडात ब्रिटिश पद्धतीचे प्लग आहेत, तीन चपट्या चौकोनी पिनांचे, लंडन-दुबईला असतात तेच. आपला गोल पिनांचा प्लग तिथे जाणार नाही. व्होल्टेज मात्र तिथलं २४०, आपलं २३०, म्हणजे चार्जर-मिक्सर सगळं चालेल. लोक काय करतात, पाच वस्तूंना पाच अ‍ॅडॉप्टर घेतात. ते ढिले होतात, ठिणग्या उडतात. तुम्ही एक चांगला चार सॉकेटचा एक्स्टेंशन बोर्ड घ्या आणि त्याच्या वायरीच्या टोकाचा आपला प्लग कापून तिथे १३ अँपियरचा फ्यूजवाला चौकोनी पिनांचा प्लग बसवून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. भिंतीत एकच प्लग जाईल, बोर्डावर तुमच्या सगळ्या देशी वस्तू लागतील. दोन जादा फ्यूज पाकिटात ठेवा.

पाणी तापवायचा रॉड न्यायचा असेल तर बोर्ड हलका घेऊ नका, जाड वायरीचाच मागा. दीड हजार वॉटचा रॉड स्वस्त बोर्डाला भाजून काढतो. आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, सामानाच्या बॅगेत चालत नाही.

शेवटची कर्जत

थोडं कडू बोलतो, राग मानू नका. तुम्ही सेवेला चाललात की सहलीला? हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ साली सुरू झाला. तिथे वर्षानुवर्षं वीज नव्हती, पावसाळ्यात रस्ता नव्हता. त्या लोकांनी यादी केली होती का, पापड किती आणि किसणी कुठली? आपण तिथे जायचं ते तिथल्या लोकांसारखं राहायला. ते जे खातात ते खा, ते जसे झोपतात तसं झोपा. नाहीतर नुसता फोटोपुरता स्वयंसेवक व्हायचं. माझं मत.

निवृत्त सिस्टर

अगं पोरी, तू तर माझ्याच गावाला चाललीस! महापालिकेच्या हॉस्पिटलात ड्यूट्या करून रिटायर झाले, मुलगा-सून आपापल्या नोकरीत, घरी बसून सिरियली बघायच्या त्यापेक्षा म्बालेला नर्सिंगच्या मुलींना शिकवायला गेले होते. तेव्हा आता नीट ऐक.

आईची यादी निम्मी कर. डाळ, साखर, चहा, दाणे यातलं काही वाहून नेऊ नकोस. युगांडा चहा पिकवतो, ऊस पिकवतो. कंपालाहून बसने येताना नाईल ओलांडून जिंजा मागे पडलं की काकिराचा ऊस लागतो, माधवानींचा कारखाना आहे तिथे, बघून बघून डोळे थकतात. त्या पट्ट्यात गुऱ्हाळंही आहेत, गूळ मिळतो. आपल्यासारखा पिवळाधमक नसतो, काळपट असतो, पण पुरणाला काय, चालतो. म्बालेच्या मोठ्या मंडईत हिरवे मूग मिळतील, ‘चोरोको’ म्हणून माग. राजमा तर लाल, पांढरा, ठिपक्यांचा, किती परींचा. तीळ आहेत. दाण्याचं कूट तुझ्यासमोर मशीनमधून काढून देतात, अगदी मऊसूत, तेल सुटलेलं. आपल्याला भाजून जाडसर लागतं, मग कच्चे दाणे घे आणि घरी भाज. खलबत्ता तिथे कोणाकडेही मागायला मिळतो.

आणि नाचणी! हे मला इथून निघताना कोणीच सांगितलं नव्हतं. त्या भागात नाचणी खातात, उकळत्या पाण्यात पीठ वैरून घट्ट उंडा करतात आणि कालवणाबरोबर खातात. मी मालवणची, मला काय सांगायचं. पण बाजारातलं तयार पीठ घेऊ नकोस. त्यात बहुतेकदा कसावाचं पीठ मिसळलेलं असतं, त्यांच्या उंड्याला ते बरं पडतं, तुझी भाकरी मात्र हाताला चिकटून बसेल. अख्खी नाचणी घे, निवड, खडे फार असतात, आणि गिरणीत उभी राहून दळून घे. मक्याचं पीठ दळून झाल्यावर लगेच नाचणी टाकली तर पहिलं ओंजळभर पीठ मक्याचंच येतं, ते बाजूला काढायला सांग. गिरणीवाल्याला माझं हे खूळ पाठ झालं होतं. मी दिसले की आधी खडखड करून गिरणी झटकायचा.

पालेभाजीला ‘डोडो’ म्हणतात ती म्हणजे आपला माठच समज. लसूण-मिरचीवर परत. मासे तलावातले, तिलापिया. समुद्राच्या माशाची चव नाही, पण मालवणी मसाला लावून तव्यावर टाकला की शेजारच्या चार खोल्यांची दारं उघडतात. सुकटीसारखे बारीक सुके मासेही मिळतात, मुकेने. तू खात असशील तर वाळू नीट झाडून घे, तिथे जमिनीवर वाळवतात.

मग न्यायचं काय? मसाला. तोही घरचा. लालबागच्या मिरची गल्लीत जा, बेडगी आणि संकेश्वरी निवडून घे, गरम मसाला तिथल्या तिथे भाजून डंकावर कुटून घे. दोन किलो पुरे होतो वर्षाला, एकटीला. आईला म्हणावं गोडा मसाला अर्धा किलो. हिंगाची डबी, आमसुलं, आणि मेथीदाणे मूठभर. बस. आमसुलं तिथे जन्मात मिळणार नाहीत. चिंच मात्र मिळते, त्या कोरड्या भागात चिंचेची झाडं आहेत. मसाल्याची पाकिटं दुहेरी बांध, वर स्टीलचा डबा, डब्याला टेप. एकदा का बॅगेत मसाला सांडला की वर्षभर साड्यांना नाहीतर तुझ्या टी-शर्टांना वास. लोणचं हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, सिक्युरिटीत काढून ठेवतात. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विसर. तेलकट, पेट घेणारी वस्तू म्हणून विमानात चालत नाहीत. विमानतळावर बॅग उघडून त्या वाट्या काढताना लोक बघत असतात, ती शोभा कशाला. वाटणात दाणे आणि तीळ घाल, मी तेच करायचे.

कुकर ने. तीन लिटरचा. याला मी अजिबात मागे हटणार नाही. तिथे राजमा कोळशाच्या शेगडीवर दुपारभर रटरटत ठेवतात. तू हॉस्पिटलातून येऊन तीन तास शेगडी फुंकणार आहेस का? मी पहिल्यांदा कुकर लावला तेव्हा शेजारची बाई, शाळेत शिपाई होती ती, तिच्या दोन पोरांना ओढत अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली. शिट्टी झाली तशी पोरं किंचाळली. झाकण उघडून मऊ राजमा दाखवला तेव्हा तिने चमच्याने एक दाणा दाबून बघितला, मग दुसरा, मग घड्याळ बघितलं. दुसऱ्या दिवशी स्वतःचा भिजवलेला राजमा पातेल्यात घेऊन दारात हजर. तिला दाण्यापेक्षा कोळसा वाचल्याचं कौतुक. मग आमचं ठरूनच गेलं, राजमा तिचा, कुकर माझा, कोळसा निम्मा-निम्मा. तुझ्या त्या अंधाऱ्या खोलीचं उत्तर यात आहे बघ. एकटी बसायची वेळच येत नाही. फक्त गॅस्केट दोन आणि सेफ्टी व्हॉल्व्ह एक जादा ने. त्याच कंपनीचं, त्याच मापाचं. गॅस्केट गेलं की कुकर म्हणजे नुसतं जड पातेलं.

पोळपाट-लाटणं नको. तिथे चपाती घरोघरी करतात, रस्त्यावरही. लाटणं, तवा, कणीक, सगळं मिळतं. रस्त्यावर अंड्याचं ऑम्लेट चपातीत गुंडाळून देतात, त्याला रोलेक्स म्हणतात, दोन-तीन हजार शिलिंगना. घाबरू नकोस, हजार शिलिंग म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये. रात्रपाळी करून आलीस आणि हातपाय गळाले असले की तेच खा आणि झोप. किसणी मात्र ने, आईचं बरोबर आहे. तिथे मिळते ती पत्र्याची, बोटं सोलते.

झोपायचं. फोमची गादी तिथेच घे, स्वस्त असते. मच्छरदाणीही तिथली, औषध लावलेली, चौकोनी घे, टांगायची गोल घेऊ नकोस, ती अंगाला चिकटते आणि डास बाहेरून चावतो. सोलापुरी चादर इथून ने. म्बाले एल्गॉन पर्वताच्या पायथ्याशी आहे, रात्री गार असतं, मुंबईच्या उकाड्यातून गेलेल्या माणसाला तर चांगलीच हुडहुडी भरते. स्वेटर घेऊ नकोस. शनिवारी मंडईबाहेर जुन्या कपड्यांचे ढीग पडतात, मिवुंबा म्हणतात त्याला. युरोप-अमेरिकेतून गठ्ठे येतात. त्यातून मला असा लोकरीचा स्वेटर मिळाला की अजून माथेरानला तोच घालते. आतले कपडे तेवढे इथून भरपूर ने, चष्म्याचे दोन जोड ने, आणि औषधं चिठ्ठीसकट.

कपड्यांवरून आठवलं, आणि हे नर्स म्हणून सांगतेय. धुतलेला कपडा बाहेर दोरीवर वाळवलास तर इस्त्री केल्याशिवाय अंगात घालायचा नाही. आतलाही नाही. तिथे एक माशी असते, ओल्या कपड्यात अंडी घालते, कपडा घातला की अळी कातडीत शिरते आणि वर गळू येतं. मरत नाही माणूस, पण किळस येते. इस्त्रीच्या उष्णतेने अंडी मरतात. वीज नसली तर कोळशाची इस्त्री मिळते, आपल्या नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे असते तीच. ती विकत घे, ही चैन नाही.

आता चैनीचं सांगते. मी चहावाली बाई, पण तुला कॉफी आवडत असेल तर माटुंग्याहून स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर घेऊन जा. एल्गॉनच्या उतारावर बुगिसू अरेबिका पिकते, जगभर विकली जाते, आणि ती पिकवणारे स्वतः चहा पितात. बाजारात भाजलेली, दळलेली कॉफी मिळते. तिथली माझी दक्षिणेकडची एक सहकारी रोज सकाळी त्या फिल्टरमधून कॉफी काढून व्हरांड्यात बसायची, समोर वानालेचा कडा, त्यावरून पावसाळ्यात पाण्याच्या धारा. तो फिल्टर शंभर-दोनशे ग्रॅमचा. पाच किलो तूरडाळीने तुला एवढं सुख मिळणार नाही.

गावात गुजराती दुकान आहे, तिथे पोहे, पापड, बिस्किटं, जिरं-मोहरी मिळते, महाग. जुन्या इमारतींच्या माथ्यावर अजून गुजराती नावं आणि बांधल्याचं साल दिसतं. १९७२ साली इदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन आशियाई लोकांना हाकललं होतं, तेव्हा ही दुकानं तशीच टाकून लोक गेले. काही नव्वदीत परतले. माझ्या दुकानदारकाकांशी मी मुंबईच्या गुजरातीत बोलायचे, तर ते हसून जिरं जास्त घालायचे. महिन्यातून एकदा जा. रोज गेलीस तर भत्ता संपेल आणि तू त्या चार भिंतींतच राहशील.

निवृत्त सिस्टर

आता कर्जतवाल्या दादांना. दादा, मी सेवेबद्दल तुमच्याशी वाद घालणार नाही, हॉस्पिटलात आयुष्य गेलंय. हेमलकशाची माणसं तिथे जन्मभरासाठी गेली. ही पोरगी वर्षासाठी चाललीय. तिने पहिले तीन महिने नुसतं पोषो, म्हणजे मक्याच्या पिठाचा उंडा, आणि राजमा खाऊन पोट बिघडवून घेतलं, झोप नाही, वजन उतरलं, तर वॉर्डात एक पेशंट वाढला, एवढीच काय ती सेवा. मी असे व्हॉलंटियर बघितलेत. पाय सुजलेले, तोंडात फोड, आणि तरी हट्ट की मी स्थानिकांसारखंच राहणार. स्थानिक बाई त्यांच्याकडे बघून मान हलवायची. तिला परवडलं असतं तर तिने स्वतः कशाला असं खाल्लं असतं?

आणि पोरी, तुझा संकोचाचा प्रश्न. लोक बघतात, हे खरं आहे. मीही सुरुवातीला सुपरमार्केटात चीजचा डबा उचलून परत ठेवायचे. एकदा वॉर्डातली नर्स बरोबर होती. मी डबा हातात घेतला, किंमत वाचली, तिच्याकडे बघितलं आणि फळीवर ठेवला. तिने सरळ तो उचलून माझ्या टोपलीत टाकला. म्हणाली, तुला आवडतो ना, मग घे. आणि मग मला तिचं सगळं हिशेबाने सांगितलं. पगार झाला की ती पहिल्या शनिवारी केस घालून घ्यायला जाते, बारीक वेण्या, वरून विकतचे केस, चार-पाच तास बसावं लागतं आणि पैसेही चांगले पडतात. त्या दिवशी ती घरचा स्वयंपाक करत नाही. सासूला आवडत नाही, तरी जाते. मी म्हटलं मग तुला नाही का वाटत जास्त खर्च झाला? तर म्हणे, महिनाभर मी दुसऱ्यांची घाण काढते, माझं डोकं माझं आहे.

पुढच्या महिन्यात मला घेऊन गेली. त्या सलूनमध्ये मी बसले, त्या मुलीने माझ्या केसांच्या वेण्या घालायचा प्रयत्न केला, आपले केस घसरतात, सगळ्या वेण्या सुटल्या, दुकानभर हशा. मग सगळ्यांना सोडा मी पाजला.

तेव्हा तिथल्या बायकांना चैन कळत नाही अशा भ्रमात राहू नकोस. त्यांना लपवाछपवी मात्र पटकन कळते. तू चीज कपाटात कुलपात ठेवलंस, पोरं आल्यावर बिस्किटाचा पुडा उशीखाली सारलास, तर तुझं नाव जातं. एक पुडा फोडायचा तो सगळ्यांसाठी. दुसरा तुझा, त्यावर कोणी हक्क सांगत नाही. पैसे मागितले तर मात्र सरळ नाही म्हण, कारणं देत बसू नकोस. खायला दे, पैसे देऊ नकोस. यावर बरेच जण माझ्याशी भांडतील, भांडू देत.

शेवटची कर्जत

सिस्टर, तुमच्या अनुभवापुढे मी काय बोलणार. तरी माझं म्हणणं थोडं उरतंच. एक वर्षासाठी गेलेला माणूस मुंबईची सवय मोडून थोडी गैरसोय काढणार नसेल तर तो तिथून शिकून काय येणार? कुकर समजलो. सुपरमार्केटमधलं चीज अजून पटलं नाही.

निवृत्त सिस्टर

नका पटवून घेऊ. तुम्ही आयुष्यात कधी चीज सोडलंय ते मला ठाऊक नाही, मी रात्रपाळ्यांमध्ये बरंच सोडलंय. आणि गैरसोय काही शोधावी लागत नाही हो, ती दार ठोठावून येते. आठवड्यातून दोनदा लाइट जाते, मधूनच पाणी जातं. तेवढी पुरे.

चिंचपोकळीची फिजिओ

सिस्टर, तुमचं लिहिलेलं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तूरडाळ रद्द झाली. खोबऱ्यावरून थोडी धुसफूस झाली, पण विमानात पेट घेतं म्हटल्यावर गप्प झाली. किसणी राहिल्याचा तिला इतका आनंद झालाय की बाबांना तीनदा सांगून झालं.

दोन प्रश्न उरलेत. पिवळ्या तापाची लस कधी घ्यायची? आणि संध्याकाळचं लाइट गेल्यावरचं काही सांगा ना. पुस्तकं नेऊ का? आणि हो, पाळीचं.

निवृत्त सिस्टर

लस आत्ताच. पुढच्या महिन्यात जायचंय आणि अजून घेतली नाहीस? लस घेतल्यापासून दहा दिवस झाले की मगच तो पिवळा दाखला ग्राह्य धरतात. युगांडात शिरताना लागतो आणि परत येताना आपल्या विमानतळावर तर हमखास बघतात. नसला तर थेट विलगीकरणात नेतात, आई बाहेर हार घेऊन उभी आणि तू आत. कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रातच जावं लागतं आणि वार ठरलेले असतात. आधी चौकशी कर. दाखला जन्मभर चालतो, पासपोर्टाला लावून ठेव. मलेरियाचं काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचार, माझ्याकडून गोळीचं नाव काढून घेऊ नकोस.

पाळीचं : कप वापरत असशील तर तोच ने, सगळ्यात सोपं. पॅड तिथे मिळतात, आणि धुऊन परत वापरायचे कापडी पॅडही युगांडातच बनतात, अफ्रिपॅड्स नावाने. मी शाळेतल्या मुलींना वाटताना बघितलेत, चांगले शिवलेले असतात. पण वर सांगितलं ते इथेही लागू, बाहेर वाळवलं की इस्त्री.

संध्याकाळचं. पुस्तकं दोन ने, बाकी फोनवर. दिवा तिथला सौर घे, म्बालेत बरीच दुकानं आहेत, पॅनल वेगळा असलेला घे म्हणजे दिवसा छपरावर पॅनल आणि दिवा घरात. दिवाच बाहेर ठेवावा लागला तर चोरीला जातो. आणि शिंप्याकडे जा. दुकानांच्या व्हरांड्यात पायाच्या मशिनी घेऊन बसलेले असतात. कितेंगेचं कापड घे, भडक, मोठ्या नक्षीचं, आणि खिडकीला पडदे शिवून घे, उरलेल्या कापडात घरात घालायचा गाऊन. खिसा सांगून लावून घे, नाहीतर विसरतात. मापं द्यायला, फिटिंगला, पुन्हा उसवायला अशा चार-पाच संध्याकाळी त्यातच जातात. मोकळ्या खोलीला रंगीत पडदा लागला की अर्धी खोली आपली होते.

केनियाची सरहद्द म्बालेपासून लांब नाही. रजेत तिकडे फिरायला गेलीस तर सामानात प्लास्टिकच्या पिशव्या ठेवू नकोस. २०१७ च्या ऑगस्टपासून तिथे बंदी आहे आणि ती आपल्याकडच्यासारखी ढिली नाही, दंड आणि तुरुंग दोन्ही आहे. कापडी पिशव्या दोन-चार इथूनच टाक, वजन काय त्यांचं.

बसने येताना नामावोजोलोला गाडी थांबते. खिडकीशी झुंबड उडते, काडीला लावलेली कोंबडी, भाजलेली केळी, पाण्याच्या बाटल्या, सगळं एकदम तोंडासमोर. केळी घे, गोंजा म्हणतात, गोड असतात. सुटे पैसे आधी हातात काढून ठेव. मोठी नोट दिलीस आणि बस सुटली की झालं.

ठाण्याची आई

मध्येच बोलते. माझा मुलगा दुसऱ्याच देशात असाच गेला होता, म्हणून आईच्या बाजूने एक. पार्सल पाठवायच्या भानगडीत पडू नका. कुरियरच्या खर्चात दहा वेळा चिवडा येतो आणि तोवर तो खवट होतो. कोणी ओळखीचं जाणार असेल तर त्याच्याबरोबर एक किलोचं पाकीट, त्यात मुलीनेच मागितलेलं, आपल्याला वाटतं ते नव्हे. मी पहिल्यांदा भरभरून फराळ पाठवला, मुलाने निरोप दिला की दाढीची पाती हवी होती.

चिंचपोकळीची फिजिओ

हाहा, आईला हेही वाचून दाखवते. मावशी, थँक यू. सिस्टर, तुम्हाला लालबागला भेटता आलं तर मिरची निवडायला याल का? मला बेडगी आणि संकेश्वरीतला फरक दुकानदार सांगेल तोच खरा वाटतो.

लोहार चाळवाले दादा, बोर्ड आणि प्लग तुमच्याकडेच घेते. रविवारी आले तर चालेल?

लोहार चाळीतला

रविवारी आमची गल्ली बंद असते ताई. शनिवारी दुपारी चारच्या आत या, नंतर हमालांच्या गर्दीत उभं राहता येत नाही. वायर किती लांब हवी ते ठरवून या. खोलीत सॉकेट कुठे आहे ते संस्थेला विचारून घ्या. बहुतेकदा पलंगापासून सगळ्यात लांबच्या भिंतीवर असतं, म्हणून पाच मीटर धरून चाला.

निवृत्त सिस्टर

येईन की. सकाळी दहाच्या आत, उन्हात मला मिरच्यांचा ठसका सोसत नाही. आईलाही आण. आणि तू मधे बोलायचं नाही, भाव मी करेन.